पेठेतील मराठी : एका गल्लीचा भाषिक इतिहास

१

बेंगळूरच्या जुन्या पेठेत रस्त्यांना माणसांची नावे थोडी आणि धंद्यांची पुष्कळ आहेत. अक्कीपेटेत तांदळाचा व्यापार, बळेपेटेत बांगड्यांचा, कुंबारपेटेत कुंभारांची वस्ती, गाणिगरपेटेत तेल्यांची, तरगुपेटेत धान्याची उलाढाल. १५३७ च्या सुमारास केंपेगौडांनी हे नगर वसविले, तेव्हा दोड्डपेटे आणि चिक्कपेटे हे दोन मुख्य रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथून बैलांच्या चार जोड्यांनी चार दिशांना नांगर धरले, असे परंपरा सांगते. त्यांपैकी दोड्डपेटेला आज अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणतात. कन्नडातील ‘पेटे’ आणि मराठीतील ‘पेठ’ हा एकच शब्द. पुण्याच्या पेठांतून येथे येणाऱ्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. मात्र या नावांतून एक गोष्ट कळत नाही. त्या त्या रस्त्यावरच्या दारांआड कोणत्या भाषेत स्वयंपाक होत होता, कोणत्या भाषेत मूल निजवले जात होते आणि कोणत्या भाषेत भांडण होत होते, याची नोंद नगराच्या कोणत्याही पाटीवर नाही.

कब्बनपेटेच्या मागच्या अंगाला असलेल्या ज्या गल्लीत माझे बालपण गेले, तेथे ही भाषा मराठी होती. सगळ्या गल्लीत नव्हे. आमच्या सात-आठ घरांत. समोरच्या ओळीत विणकरांचे माग चालत, त्यांच्या घरांत कन्नड आणि तेलुगू. कोपऱ्यावरच्या कासाराकडे दखनी उर्दू, किराणा दुकानात मारवाडी, आणि पलीकडे तिगळांच्या वस्तीत तमिळचा अंश असलेले कन्नड. आम्ही नामदेव शिंपी. आमच्या शेजारची दोन घरे भावसारांची, म्हणजे मुळात रंगाऱ्यांची. कापड एका ओळीत विणले जावे, दुसरीत रंगावे आणि तिसरीत शिवले जावे अशी ती गल्ली होती. त्या गल्लीचा इतिहास लिहायचा तर तो कशाच्या आधारे लिहावा, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न माझ्या कुटुंबापुरता वाटला तरी तो तेवढाच नाही. ज्या भाषक समूहाने आपल्या भाषेत एकही पुस्तक छापले नाही, त्याला त्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात स्थान आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

२

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बेंगळूरचे नाव येते ते शहाजीराजांमुळे. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडांच्या वंशजाकडून हे नगर जिंकले. या मोहिमेत शहाजीराजे त्याच्यासमवेत होते आणि पुढे बेंगळूरची जहागीर त्यांच्याकडे आली. त्यांचा वाडा ‘गौरीमहाल’ या नावाने चिक्कपेटेत होता, असे सांगतात. आज तेथे वाड्याची भिंतदेखील दाखविता येत नाही; साड्यांची दुकाने आहेत. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या नगराचे वर्णन येते. शिवाजी महाराजांच्या बालपणातील काही काळ येथे गेला आणि त्यांचे थोरले बंधू संभाजीराजे वडिलांजवळ येथेच वाढले. म्हणजे आपण ज्याला महाराष्ट्राचा इतिहास म्हणतो त्याच्या एका पर्वाचे घर या पेठेतल्या रस्त्यावर होते.

त्या घराच्या वैभवाची वाङ्मयीन साक्ष जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे. नाशिक प्रांतातून आलेला हा कवी शहाजीराजांच्या कीर्तीने ओढला जाऊन बेंगळुरास पोचला. आपल्याला बारा भाषा येतात असे तो सांगतो. चंपूचा पूर्वभाग संस्कृतात राधाकृष्णांचे चरित्र गातो; उत्तरभागात दरबार अवतरतो आणि तेथील कवी निरनिराळ्या भाषांत रचना म्हणून दाखवितात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला तेव्हा मराठी अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने त्यातील राजकीय माहितीकडे गेले. माझ्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. सतराव्या शतकातील बेंगळूर हे अनेक भाषांनी एका छपराखाली बसावे असे नगर होते आणि त्या बैठकीत मराठीला कोणत्याही दुसऱ्या भाषेचा संकोच नव्हता, हे त्यातून दिसते.

१६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत शहाजीराजांचा अंत झाला. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावर घेतले आणि १६७५ च्या सुमारास ते तेथे स्थिरावले. १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची भेट झाली, वितुष्ट आले आणि मग तह झाला. त्या तहाच्या कलमांत बेंगळूर, होसकोटे आणि शिळेकोट हा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला आहे. बांगड्यांच्या नावाने पेठ असलेले नगर एका स्त्रीच्या चोळीबांगडीस लावून द्यावे, हा योगायोग मला नेहमी बोलका वाटत आला आहे. पण हा चोळीबांगडीचा मुलूख टिकला नाही. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बेंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार यांच्या स्वाधीन झाले. त्यासाठी तीन लाख रुपये मोजल्याचे इतिहासकार सांगतात; हा सौदा व्यंकोजींनीच आरंभला होता.

दरबार तंजावरला गेला तेव्हा वाङ्मयही त्याच्याबरोबर गेले. व्यंकोजींचे पुत्र दुसरे शहाजी यांच्या कारकीर्दीत (१६८४–१७१२) तेथे तेलुगूबरोबर मराठीतही नाटके लिहिली गेली; ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतले एक. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा संग्रह उभा राहिला. राजाश्रयाखालच्या भाषेला दगड मिळाला, कागद मिळाला, ग्रंथपाल मिळाला. मागे पेठेत जी मराठी उरली तिला यांतले काहीच मिळाले नाही.

३

मागे उरलेले हे लोक कोण, याविषयी पेठेतील प्रत्येक मराठी घराकडे एकच उत्तर असे. “आपण शहाजीमहाराजांबरोबर आलो.” माझी आजी – तिला आम्ही कन्नड वळणाने अज्जी म्हणत असू – हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारी की जणू त्या लष्कराच्या मागून ती स्वतः चालत आली होती. भावसारांच्या घरीही तेच सांगत, आणि गवीपुरमकडच्या, गोसावी मठाला मानणाऱ्या मराठ्यांतही तेच.

इतिहासाच्या कसोटीला हे विधान पूर्णपणे उतरत नाही. मराठी माणसे येथे एकाच लाटेत आली नाहीत. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजा या प्रदेशात वारंवार उतरल्या. १७५९ मध्ये गोपाळराव पटवर्धनांनी बेंगळूरला वेढा घातला आणि हैदरने तो उठविला. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने किल्ला घेतल्यानंतर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची सैन्ये इंग्रजांना मिळाली. सैन्याबरोबर बाजार चाले आणि बाजारात शिंपी, रंगारी, तंबू शिवणारे, खोगीर करणारे असत. १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी वसली तेव्हा सुईदोऱ्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. पुढे सर मार्क कब्बन आयुक्त असताना (१८३४–१८६१) म्हैसूरच्या कारभारात कन्नडाबरोबर मराठीही चाले, आणि लेखणी धरणाऱ्या घरांना त्यात जागा होती. आमच्या पेटेला ज्याचे नाव आहे तो हाच कब्बन.

आमच्या घरच्या धंद्याकडे पाहिले तर शहाजीराजांपेक्षा छावणीच जवळची वाटते. आजोबांच्या पेटीत पितळी बटणांचा एक डबा होता. त्यांच्या वडिलांनी पलटणीचे अंगरखे शिवले होते आणि उरलेली बटणे त्या डब्यात राहिली होती. तरीही आजीचे वाक्य मी खोटे म्हणणार नाही. ‘शहाजीमहाराजांबरोबर आलो’ याचा अर्थ ‘आम्ही येथे उपरे नाही’ असा होता. कुठल्याही गावात चार पिढ्या राहिलेल्या पण तेथली मूळ भाषा घरात न बोलणाऱ्या माणसाला असे एखादे वाक्य लागते. इतिहासकार त्या वाक्यातला सन तपासतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यातली गरज वाचावी.

बेंगळुरातील मराठी एकजिनसी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. तंजावरला गेलेल्या मराठीची एक शाखा पुढे कारभाऱ्यांच्या रूपाने म्हैसूर संस्थानात परतली. व्ही. पी. माधवराव (१९०६–१९०९) आणि टी. आनंदराव (१९०९–१९१२) हे लागोपाठचे दोन दिवाण तंजावरी मराठी घराण्यांतले. आनंदराव हे सर टी. माधवरावांचे पुत्र, त्यांच्यानंतर विश्वेश्वरय्या आले. शहरातल्या गजबजलेल्या आनंदराव चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी विमानांचा कारखाना येथे आणला. त्याच्या आणि नंतरच्या केंद्रीय कारखान्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून शिकलेली माणसे आली. त्यांनी गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात नाटके केली, दिवाळी अंक मागविले, गणपती बसविले. दिवाणांची मराठी, कारखान्याची मराठी आणि पेठेची मराठी अशा तीन मराठी एका शहरात नांदत होत्या, आणि त्यांचे एकमेकींकडे फारसे जाणे-येणे नव्हते. मंडळात आलेल्या पाहुण्यांना आमचे बोलणे ऐकून हसू येई. त्यांच्या मते आम्ही मराठी ‘मोडून’ बोलत होतो.

४

मोडून म्हणजे कसे, ते पाहण्यासारखे आहे. गल्लीतली विणकराची बायको दुपारी उंबऱ्यावरून विचारी, “ऊट आय्ता?” आणि आजी तिला “झालं” म्हणून उत्तर देई. प्रश्न कन्नडात, उत्तर मराठीत. दोघींना वर्षानुवर्षे यात काही विशेष वाटले नाही. घराबाहेर पडताना आम्ही ‘जाते’ म्हणत नसू, ‘येते’ म्हणत असू; विणकराच्या मुलीही ‘बर्तीनि’, म्हणजे ‘येते’, म्हणूनच निघत. ‘तो येतो म्हणून सांगितलं’ ही आमच्या घरातील नित्याची रचना होती. ‘त्याने सांगितले की तो येतो’ असे पुस्तकी वाक्य आमच्या तोंडी कधी आले नाही. पुढे भाषाशास्त्राचे ग्रंथ वाचताना कळले की ‘म्हणून’ने वाक्य बांधण्याची ही रीत मराठीवरील द्राविडी प्रभावाची खूण म्हणून अभ्यासक नोंदवितात, आणि ती महाराष्ट्रातही सर्वत्र आहे. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द पुण्याच्या स्वयंपाकघरात आणि ओसरीवर बसले आहेत तेही कन्नडाच्या शेजारातून. म्हणजे पाहुण्यांना आमच्या बोलण्यात जे मोडलेले वाटले, त्याचा एक भाग मराठीच्या जुन्या घडणीतलाच होता. आमच्याकडे तो थोडा अधिक उघडा दिसत होता, एवढेच.

शाळेत आम्ही कन्नड शिकलो. कन्नड हीच आमची अक्षरओळख, आणि मी तिच्याविषयी कृतज्ञ आहे. देवनागरी आली ती हिंदीच्या तासाला. हिंदीसाठी शिकलेल्या या अक्षरांत घरातली भाषाही लिहिता येते, हे मला बाराव्या-तेराव्या वर्षी उमगले, आणि त्या दिवशी मी आईचे नाव देवनागरीत लिहून तिला दाखविले. ती म्हणाली, “हे हिंदी झालं.” तिच्या दृष्टीने ते बरोबर होते. तिच्या ओळखीच्या मराठीला लिपीच नव्हती.

तसे पाहता लिपी होती, पण ती वेगळी होती. आमच्या घरात एक वही होती. आजोबांनी, म्हणजे अज्जांनी, ती लिहिली होती. जाड पुठ्ठा, शिवण त्यांच्याच हातची, मागे अस्तराच्या कापडाची पट्टी. तीत नामदेव, तुकाराम, जनाबाई यांचे अभंग कन्नड अक्षरांत उतरविलेले होते. गल्लीच्या टोकाला असलेल्या छोट्या विठ्ठलमंदिरात आषाढीला आणि कार्तिकीला दिंडी निघे, तेव्हा ही वही पुढे असे. आजीला अक्षर येत नव्हते. अभंग तिला पाठ होते. तिने म्हणायचे आणि अज्जांनी शिवणयंत्र थांबवून लिहायचे, अशी ती वही तयार झाली होती. म्हणजे हस्ताक्षर अज्जांचे असले तरी वहीतला आवाज आजीचा आहे.

या वहीचा भाषिक अभ्यास मी पुढे अनेक वर्षांनी केला, आणि तिच्यात जे आढळले ते सांगण्यासारखे आहे. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ यांची चिन्हे वेगळी आहेत. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ यांचीही. देवनागरीत लिहिणाऱ्या मराठी माणसाला हा भेद दाखविता येत नाही, म्हणून तो त्याच्या लक्षातही येत नाही. अज्जांना मात्र प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागली. ‘देव’ शब्दात त्यांनी दीर्घ चिन्ह योजले, ‘एक’ शब्दात ऱ्हस्व. शब्दांच्या अखेरीस येणाऱ्या ‘ए’काराच्या बाबतीत त्यांनी कुठे एक, कुठे दुसरे चिन्ह वापरले आहे, आणि त्यात पद्धत आहे, आजीने जेथे सूर लांबविला तेथे दीर्घ. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, ‘चार’ मधला आणि ‘चाक’ मधला. कन्नडातही देवनागरीप्रमाणे एकच अक्षर. अज्जांनी ‘चाक’ मधल्या ‘च’खाली एक टिंब दिले आहे. कापडावर खडूने खूण करणाऱ्या माणसाला ही युक्ती कोणी शिकविली नसावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शब्दाच्या शेवटी असलेल्या ‘अ’ची. ‘राम’ हा शब्द देवनागरीत लिहिला तर शेवटचा अकार उच्चारायचा की गिळायचा, हे अक्षरावरून कळत नाही. कन्नड लिपीला ते सांगावेच लागते. अकार नसेल तर अक्षराला हलन्ताचे चिन्ह द्यावे लागते. वहीतल्या अभंगांत अज्जांनी बहुतेक शब्द अकारान्त लिहिले आहेत, कारण आजी ते तसेच म्हणे. जुन्या मराठीत हा अंत्य स्वर उच्चारला जाई आणि अभंगाच्या मापातही तो धरला जातो. परंतु त्याच वहीच्या मागच्या पानांवर घरखर्चाची टिपणे आहेत – तांदूळ, तूप, साबण, रॉकेल; रॉकेलला मात्र ‘सीमेएण्णे’ हा कन्नड शब्द. या टिपणांत ‘तांदूळ’ आणि ‘तूप’ यांच्या अखेरीस ठसठशीत हलन्त आहे. एकाच हाताने, एकाच वहीत, पुढच्या पानांवर विठ्ठलाची मराठी आणि मागच्या पानांवर वाण्याची मराठी, अशा दोन उच्चारपरंपरा वेगळ्या जपल्या आहेत. मी देवनागरीतली कितीतरी हस्तलिखिते पाहिली आहेत; त्यांत ही माहिती मिळू शकत नाही, कारण ती नोंदविण्याची सोयच त्या लिपीत वापरली जात नाही. आमच्या भाषेला स्वतःची लिपी मिळाली नाही म्हणून जी वही घडली, तिनेच त्या भाषेचा उच्चार अधिक काटेकोरपणे टिकवून ठेवला.

५

ती गल्ली मी अलीकडे पुन्हा पाहिली, आणि तीही अनेकदा. चिक्कपेटेत २०१७ साली भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले, त्यामुळे जाणे सोपे झाले आहे. माग थांबले आहेत. विणकरांच्या घरांच्या जागी घाऊक विक्रीची दुकाने आणि वर गोदामे आहेत. आमचे घर १९९० च्या दशकात विकले गेले. तेथे आज चार मजल्यांची इमारत आहे आणि तळमजल्यावर आडव्या पट्टीने कापड न मोजता गठ्ठ्यांनी विकतात. विठ्ठलमंदिर आहे, ते वाढविले आहे आणि त्याची फरशी नवी आहे. चैत्री पौर्णिमेला धर्मरायस्वामी मंदिरातून करग निघतो आणि तवक्कल मस्तानच्या दर्ग्यापाशी थांबून पुढे जातो, तेव्हा पूर्वीसारखीच गर्दी लोटते. लहानपणी त्या रात्री आम्हाला जागे ठेवण्याचे काम आत्याकडे असे. करग दिसला की ती मराठीत हात जोडी, मग कन्नडात, आणि दर्ग्याकडे तोंड करून उर्दूतले दोन शब्द पुटपुटे. देवांना कोणती भाषा समजते याविषयी तिने धोका पत्करला नाही.

आत्याने आता ऐंशी ओलांडली आहे. ती हनुमंतनगरात मुलाकडे राहते. तो भाग आज एका वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. १९५० मध्ये बेंगळुरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड या परिसरात वाढले. वडील पोलीस शिपाई, घरात मराठी, शाळेत कन्नड, मग शहर बससेवेत वाहकाची नोकरी. आणि १९७५ पासून सगळे जग त्यांना रजनीकांत या नावाने ओळखते. त्यांच्या बालपणीची घरे पाहायला तमिळनाडूतून माणसे येतात. घरात शिवाजीराजांचे नाव, रस्त्यावर कन्नड आणि कीर्ती तमिळची, हे आम्हा पेठेतल्या मराठी माणसांना नवल वाटण्याजोगे नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी होती आणि ते कन्नडाचे थोर कवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. घरची भाषा एक आणि प्रतिभेची दुसरी, ही दक्षिणेत जुनी रीत आहे आणि तिच्यात हानी कोणाचीच नाही.

हानी वेगळ्या ठिकाणी आहे. आत्याचे नातू तिचे बोलणे समजतात, पण उत्तर कन्नडात किंवा इंग्रजीत देतात. कन्नडाने मराठीला घराबाहेर काढले, असे मी म्हणणार नाही. १९८२ च्या गोकाक चळवळीच्या दिवसांतही आमच्या गल्लीत कोणी कोणाला दिंडी काढू नका म्हटले नाही, आणि अज्जांची वही कन्नडानेच जपली. सीमेवरच्या भांडणाचे शब्द या पेठेला लागू पडत नाहीत. येथे भाषा कोणी हिरावली नाही. ती सोपविण्याची वेळ आली तेव्हा सोपविणारा आणि घेणारा एका छपराखाली राहिले नव्हते. सात-आठ घरे एका गल्लीत होती तोवर ती भाषा शाळेवाचून, पुस्तकावाचून, राजावाचून चालली. घरे पांगली, प्रत्येक घर उपनगरात एकटे झाले, आणि एकट्या घराला भाषा पेलवत नाही. मराठी टिकण्यास गल्ली पुरेशी होती. गल्ली गेल्यावर काय लागते, ते आम्ही कधी उभारले नव्हते.

६

आता वही माझ्याकडे आहे. ती सुरक्षित ठिकाणी जावी म्हणून मी दोन ग्रंथसंग्रहांना विचारून पाहिले. एका ठिकाणी सांगण्यात आले की लिपी कन्नड असली तरी मजकूर कन्नड नाही, तेव्हा ती मराठी विभागाची वस्तू. दुसऱ्या ठिकाणच्या मराठी विभागात ती कोणाला वाचता आली नाही, आणि वाचता न येणारे हस्तलिखित सूचीत कोणत्या शीर्षाखाली घालावे हे ठरले नाही. दोन्ही उत्तरे नियमाला धरून होती. परंतु दोन नियमांच्या मधल्या फटीत एक संपूर्ण भाषिक परंपरा मावते, हे ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचारात घ्यावे असे मला वाटते. कर्नाटकातील शिंपी, भावसार आणि मराठा समाजांत कन्नड अक्षरांत लिहिलेली अभंगांची वही ही दुर्मीळ गोष्ट नाही. ती मंदिराच्या कपाटात, भजनी मंडळाच्या पेटीत, माळ्यावर आढळते.

वाङ्मयेतिहासाने लिपीला अडसर मानू नये, याला आपल्याच परंपरेत आधार आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापले गेले, तरी मराठी काव्याच्या इतिहासात त्याचे स्थान कोणी नाकारत नाही. ज्या नामदेवांच्या नावाने आमचा समाज ओळखला जातो, त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात गुरुमुखीत लिहिलेली आहेत. शिंप्याच्या घरी जन्मलेला कवी परक्या अक्षरांत वसतीस जातो, हे चारशे वर्षांपूर्वीच घडून गेले. ज्ञानदेवांनी ज्या विठ्ठलाला कर्नाटकाचा म्हटले, त्याची गाणी कर्नाटकाच्या लिपीत लिहिली गेली, तर त्यात विपरीत काही नाही.

म्हणून दोन सूचना. पहिली अशी की या वह्यांची सूची भाषा आणि लिपी या दोन्ही शीर्षांखाली, दोन्ही राज्यांच्या ग्रंथालयांतून, व्हावी. दुसरी सूचना अधिक निकडीची आहे. वही कागदावर आहे, पण तिच्यातली चिन्हे ज्या उच्चारासाठी योजली तो उच्चार माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे आता मोजकी आहेत. मी वहीतला अभंग वाचून दाखविते तेव्हा आत्या मध्येच थांबविते. “इथं ओढायचं नाही,” म्हणते, आणि पाहावे तो अज्जांनी तेथे ऱ्हस्व ‘ए’ लिहिलेला असतो. तिची दृष्टी गेली आहे, अक्षर तिने पाहिलेले नाही. कान मात्र आईचा आहे. शहाजीराजांच्या वाड्याचा चौथरा सापडेल किंवा सापडणार नाही. त्याचे उत्खनन शंभर वर्षांनी केले तरी चालेल. पेठेतल्या घरांची जी मराठी आहे, तिच्यासाठी आपल्यापाशी इतका वेळ नाही. साहित्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने अशी एक वही आणि ती म्हणून दाखविणारी एक म्हातारी यांना एकत्र बसवून एक हिवाळा ध्वनिमुद्रण केले, तर जे काम कोणत्याही दरबाराने केले नाही ते होईल.